जुन्या न्यायालयाच्या इमारतीसाठी वास्तुस्पर्धा कशी घ्यावी

विषय, बक्षीस आणि शेवटची तारीख ठरली की वास्तुस्पर्धेची, म्हणजे जुन्या इमारतीच्या कामासाठी वास्तुविशारदांकडून आराखडे मागवणाऱ्या स्पर्धेची, जाहिरात काढता येते. कस लागतो तो त्याआधीच्या तयारीत. इमारतीची नीट ओळख न करून देता स्पर्धा घेतली, तर देखणी चित्रं हाती येतात आणि काम सुरू झालं की ती इमारतीवर बसत नाहीत.

आधी मोजणी. लेझर स्कॅन करून तळघरापासून छपरापर्यंतचे १:५० मापाचे नकाशे आणि छेद (इमारत उभी कापल्यासारखी दाखवणारी चित्रं) काढून घ्या. दप्तरात जुने नकाशे सापडले तरी त्यांच्यावर विसंबू नका; बांधताना आणि नंतरही बरंच बदललेलं असतं. त्याच नकाशांवर तडे, ओल, लोणा (भिंतीवर फुटणारे क्षार) आणि वाळवीच्या खुणा मांडा. पायाची खोली कळायला भिंतीलगत दोन-तीन ठिकाणी खड्डे घ्या. लाकडी तुळयांची टोकं जिथे भिंतीत शिरतात ती जागा सगळ्यात आधी तपासा. मधोमध धडधाकट दिसणारी तुळई टोकाशी भुसा झालेली असू शकते, कारण भिंतीतली ओल तिथेच मुरते. टोच्या सहज आत गेला तर तिथे बारीक ड्रिलची रोधचाचणी करून घ्या, म्हणजे ड्रिलला लाकूड किती विरोध करतं यावरून ते आतून किती सडलंय ते कळतं. जुने रंग आणि पाइपांवरची वेष्टनं यांत शिसं किंवा अ‍ॅस्बेस्टॉस आहे का, तेही याच टप्प्यात पाहा.

चुन्यात बांधलेल्या भिंतीवर कोणी सिमेंटचा गिलावा चढवला असेल, तर ते अहवालात ठळकपणे यायला हवं. भिंतीतली ओल चुन्यातून बाहेर पडते. सिमेंट तिला कोंडतं. मग ती वर चढते, क्षार गिलाव्यामागे साठतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. त्यामुळे दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, चुन्यानेच भरायच्या, आणि आधी एक चौरस मीटरचा नमुना करून तो मंजूर झाल्यावरच पुढचं काम, ही अट स्पर्धेच्या कागदपत्रांतच घाला.

यानंतर प्रत्येक खोलीचा दर्जा ठरवा: हात लावायचा नाही, जपून बदलता येईल, काढून टाकलं तरी चालेल. मुख्य न्यायदालन, न्यायासन, साक्षीदाराचा पिंजरा, मोठा जिना ही मंडळी बहुधा पहिल्या गटात जातात. अंगणात नंतर उभ्या राहिलेल्या शेड तिसऱ्या. जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्स्थापना (मूळ रूप परत आणण्याचं काम) थांबली पाहिजे, हे वारसा वास्तूंच्या जतनाबद्दलच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेतलं तत्त्व अटींत जसंच्या तसं घ्यावं. नाहीतर हरवलेले मनोरे कल्पनेने उभारणारे प्रस्ताव हमखास येतात.

न्यायालयाचं खरं कोडं वाटांचं आहे. न्यायाधीश, कोठडीतून आणले जाणारे आरोपी आणि पक्षकार-वकील-साक्षीदार या तिन्ही वाटा न्यायदालनातच एकत्र यायला हव्यात, त्याआधी कुठेही नाही. जुन्या इमारतींत मात्र पुष्कळदा सगळे एकाच भव्य जिन्याने वर जातात. हे कोडं स्पर्धकांपुढे ठेवा, आणि सोबत गर्दीचे आकडेही द्या. सरासरी नको, सगळ्यात गजबजलेल्या सकाळी किती माणसं येतात ते मोजून सांगा. रेकॉर्ड रूमबद्दलही स्पष्ट लिहा. कागदांनी भरलेल्या सरकत्या कपाटांचा भार चौरस मीटरला १,००० किलोपर्यंत किंवा त्याहूनही वर जाऊ शकतो. लाकडी मजल्यावर ती ठेवूच नयेत.

रॅम्पची जागा आधीच तपासा. १५० मिलिमीटरच्या सहा पायऱ्या म्हणजे ९०० मिलिमीटर चढ. १:१२ उताराने नुसता रॅम्पच १०.८ मीटर होतो, त्यात मधला आणि दोन्ही टोकांचे दीड-दीड मीटरचे थांबे धरले की १५ मीटर पार. एवढी जागा दर्शनी बाजूला नसते, म्हणून चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला मागच्या दाराने पाठवणारे प्रस्ताव येतात. ते चालणार नाहीत, हे आधीच लिहून टाका.

स्पर्धा दोन टप्प्यांत आणि निनावी घ्यावी. पहिल्या टप्प्यात ए१ आकाराचे दोनच कागद मागा, मुदत आठ-दहा आठवडे. त्यातून निवडलेल्या पाच-सहा जणांना ठरावीक मानधन आणि तीनेक महिने द्या. इमारतीची भेट सक्तीची ठेवा. प्रश्न लेखी घ्या आणि उत्तरं सगळ्यांना एकाच दिवशी पाठवा. निनावीपणा फुटतो तो बहुतेक वेळा पीडीएफच्या गुणधर्मांत राहिलेल्या कार्यालयाच्या नावामुळे. परीक्षकांपुढे जाण्याआधी तांत्रिक समितीने प्रत्येक फाइल उघडून ते पुसावं.

परीक्षक सात किंवा नऊ असावेत आणि त्यांत बाहेरच्या वास्तुविशारदांचं बहुमत हवं. जतनाचा जाणकार, संरचना अभियंता आणि त्या इमारतीत रोज बसणारे एक न्यायाधीश हेही हवेतच. खर्चाचा अंदाज स्पर्धकांच्या आकड्यांवर सोडू नका. अंतिम प्रस्तावांचा हिशेब एकाच तटस्थ तज्ज्ञाकडून, एकाच दरसूचीने करून घ्या आणि अनपेक्षित कामांसाठी १५ ते २० टक्के वेगळे धरा. गिलावा काढल्यावर काय निघेल ते कोणीच सांगू शकत नाही.

विजेता आराखडा तसाच बांधला जाईल, असं गृहीत धरू नका. स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या जुन्या न्यायालयाच्या विस्ताराची स्पर्धा वास्तुविशारद गुन्नर आस्प्लुंड यांनी १९१३ मध्ये जिंकली. काम पुरं झालं १९३० च्या दशकात, आणि मधल्या काळात दर्शनी बाजूचा आराखडा पुन्हा पुन्हा बदलला. स्पर्धेतून निवडायचा असतो तो वास्तुविशारद. म्हणून करारात आराखडा सुधारण्याचा स्वतंत्र, मोबदल्यासह टप्पा ठेवा, आणि विजेत्याला बाजूला सारून त्याचे नकाशे दुसऱ्याकडून बांधून घेता येणार नाहीत, असं कलमही.

काम चालू असताना सुनावण्या कुठे होणार, हे कंत्राट देण्याआधी ठरलं पाहिजे. छिन्नी-हातोड्याच्या आवाजात साक्ष नोंदवता येत नाही, त्यामुळे निम्मी इमारत चालू ठेवायची तर गोंगाटाची कामं न्यायालयाच्या वेळेबाहेर जातात आणि मुदत वाढते. शक्य असेल तर पूर्ण स्थलांतर करा. आधी फाइली हलवा, प्रत्येक गठ्ठ्यावर जुन्या आणि नव्या कपाटाचा क्रमांक लिहून. लाकडी छपराखाली वेल्डिंगला परवानगीपत्राशिवाय हात लावू देऊ नका, आणि काम थांबल्यावर किमान एक तास पहारेकरी तिथेच उभा ठेवा.