राजाश्रयाच्या खुणांवरून हँडेलचे लंडन पायी कसे पाहावे

बडोद्याहून लंडनला मुलाबाळांकडे जाणाऱ्यांनी तेथील एक दिवस जॉर्ज फ्रेडरिक हँडेल (1685–1759) या संगीतकारासाठी राखून ठेवावा. फैयाज खाँसाहेब बडोद्याचे दरबारी गायक असूनही बाहेरच्या मैफली गाजवीत, हे आपल्याला ठाऊक असते. त्यामुळे राजाचे वर्षासन घेत नाटकगृहाच्या तिकिटांवरही भिस्त ठेवणारा हा कलावंत आपल्याला परका वाटत नाही. फेरी साधारण चार किलोमीटरांची आहे. ती रविवारी आखू नये, कारण फेरीचा शेवट असलेले वेस्टमिन्स्टर ॲबी हे चर्च त्या दिवशी केवळ उपासनेसाठी उघडे असते.

आरंभ ब्रुक स्ट्रीटवरील 25 क्रमांकाच्या घरापासून करावा. 1723 पासून अखेरपर्यंत हँडेल येथेच भाड्याने राहिला. आता तेथे संग्रहालय असून त्याचे वार आणि वेळा आधी पाहून घ्याव्यात. येथेच त्याच्या वर्षासनाचा हिशेब समजून घ्यावा, म्हणजे पुढची ठिकाणे उलगडतात. ॲन राणीने 1713 मध्ये त्याला वर्षाला 200 पौंड बांधून दिले. हॅनोव्हर या जर्मन संस्थानाच्या ज्या अधिपतीच्या पदरी असताना तो लंडनमध्ये रेंगाळला होता, तोच 1714 मध्ये पहिला जॉर्ज म्हणून गादीवर आला. त्याने ही रक्कम दुप्पट केली, आणि पुढे राजकन्यांच्या शिकवणीचे आणखी 200 पौंड मिळू लागले.

तेथून दक्षिणेला ग्रीन पार्क लागते. 1749 मध्ये तहाच्या आनंदोत्सवात येथे आतषबाजी झाली, तिच्यासाठी हँडेलने संगीत रचले, आणि लाकडी मंडपाचा एक भाग जळाला. सेंट जेम्स राजवाडा बाहेरूनच पाहावा.

व्हाइटहॉलच्या मागे नदीकाठी मात्र थांबावे. 17 जुलै 1717 रोजी राजाची नाव येथून चेल्सीकडे निघाली, शेजारच्या नावेत सुमारे पन्नास वादक होते, आणि राजाने ते संगीत तीनदा वाजवून घेतले. आजचा बांधीव तट एकोणिसाव्या शतकातला आहे, हे ध्यानात ठेवावे. या जलसंगीताने राजाचा रुसवा निघाला, ही कथा रंगवून सांगितली जाते. पण वर्षासन त्याआधीच दुप्पट झाले होते, तेव्हा ती ऐकावी आणि सोडून द्यावी.

ॲबीत दुसऱ्या जॉर्जच्या 1727 मधील राज्याभिषेकासाठी हँडेलने रचलेले ‘झेडॉक द प्रीस्ट’ हे स्तोत्रगान त्यानंतरच्या प्रत्येक राज्याभिषेकात गायिले गेले आहे. त्याची समाधी आणि रूबिलियाकने घडविलेला पुतळा कवींच्या कोपऱ्यात आहेत. तिकीट महाग वाटल्यास सायंप्रार्थनेला विनामूल्य बसता येते, परंतु तेव्हा समाधीपर्यंत हिंडण्याची मुभा नसते.