सफाईनंतर पॉइंट टू-टू रायफलची जोडणी कशी करावी

जोडणीला बसण्यापूर्वी सर्व काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवावीत, आणि चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसण्याची पोकळी) रिकामे असल्याची खात्री डोळ्यांनी पाहून व करंगळीने चाचपून करून घ्यावी. येथे विचार केला आहे तो बोल्ट-ॲक्शन रायफलीचा, म्हणजे जिचे चेंबर हाताने मागेपुढे सरकवायच्या दांड्याने (बोल्टने) उघडते व बंद होते तिचा, कारण नाशिकमधील नवे नेमबाज आणि एनसीसीचे छात्र बहुधा तिच्यावरच हात बसवतात. प्रत्येक कंपनीची रचना थोडी निराळी असते, म्हणून रायफलीसोबत आलेली पुस्तिका शेजारी उघडी असावी आणि काही फरक आढळल्यास पुस्तिकाच प्रमाण मानावी.

प्रथम नळीतून आणि चेंबरमधून कोरडी चिंधी, ती स्वच्छ बाहेर येईपर्यंत, फिरवावी. चेंबरमध्ये तेल राहू देऊ नये. बोल्टच्या आतील फायरिंग पिन (काडतुसावर आदळून ते उडवणारी पिन) व स्प्रिंग यांवर तेलाचा जेमतेम ओशटपणा असावा, त्याहून अधिक नको. जुन्या मंडळींना सढळ हाताने तेल घालण्याची सवय असते, पण निफाडकडील डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेच्या थंडीत तेच तेल घट्ट होते, पिनेचा ठोसा मंदावतो आणि काडतूस उडत नाही. याउलट बोल्ट जेथे घासला जातो त्या पृष्ठभागांवर आणि नळीच्या बाहेरील पोलादावर तेलाचा पातळ हात अवश्य द्यावा, विशेषतः पावसाळ्यात.

त्यानंतर नळी व ॲक्शन (नळीमागचा, बोल्ट ज्यात सरकतो तो भाग) दस्त्यात बसवावी. ती केवळ हाताच्या दाबाने पूर्ण बसली पाहिजे. बसत नसेल तर मध्ये चिंधीचा धागा किंवा कचरा अडकला आहे का ते पाहावे, ठोकू मात्र नये. दस्ता व ॲक्शन जोडणारे दोन्ही स्क्रू आधी बोटांनी फिरवावेत, मग पुढचा थोडा, मागचा थोडा असे आळीपाळीने आवळावेत. नेम बिघडण्याचे मूळ अनेकदा येथेच असते, कारण स्क्रूंचा ताण दर सफाईनंतर बदलला तर दस्त्याचा ॲक्शनवरील दाबही बदलतो आणि ग्रुपिंग (लक्ष्यावर गोळ्यांचा पडणारा पुंजका) सरकते. टॉर्क पाना (ठरावीक ताणापर्यंतच आवळणारा) असल्यास पुस्तिकेतील आकडा पाळावा. नसल्यास खाचेत नेमके बसणारे स्क्रूड्रायव्हर वापरावे आणि सफाईपूर्वी स्क्रूच्या खाचेची दिशा टिपून ठेवून ती पुन्हा तेथेच आणावी.

बोल्ट उघडला असेल तर एक्स्ट्रॅक्टरचा आकडा (काडतूस चेंबरमधून ओढून काढणारा) स्वतःच्या जागी, स्प्रिंगसह बसला आहे ना, हे पाहावे. अनेक रायफलींत बोल्टचा मागचा भाग फिरवून पिन ताणलेल्या स्थितीत आणावी लागते, एरवी तो ॲक्शनमध्ये शिरतच नाही. तो सरकवताना काही रायफलींत ट्रिगर दाबून धरावा लागतो, काहींत वेगळी कळ असते. मॅगझीन (काडतुसे भरण्याची पेटी) अद्याप बाजूलाच ठेवावे.

आता चाचणी घ्यावी, पण रिकाम्या चेंबरवर ट्रिगर ओढून नव्हे. या जातीच्या काडतुसात ठिणगीची दारू बुडाच्या पोकळ कडेत भरलेली असल्याने पिन कडेवरच आदळते. काडतूस नसेल तर अनेक रायफलींत ती थेट चेंबरच्या धारेवर आदळून तेथे खळगा पाडू शकते. म्हणून चाचणीसाठी डमी (दारू नसलेले, नकली) काडतूस वापरावे. बोल्ट बंद करून सेफ्टी लावावी आणि ट्रिगर दाबून पाहावा. पिन सुटली किंवा नंतर सेफ्टी काढताना आपोआप सुटली, तर रायफल वापरू नये, परवानाधारक कारागिराकडे द्यावी. पुढे सेफ्टी काढून, नळी सुरक्षित दिशेला धरून ट्रिगर ओढावा, आणि बोल्ट उघडताना डमी काडतूस बाहेर फेकले जाते का ते पाहावे. शेवटी रिकामे मॅगझीन घालून ते खटकन अडकते का, हे तपासावे.

सराव सुरू झाल्यावर पहिल्या पाच-दहा गोळ्यांवरून साइट्सना (नेम धरण्याच्या साधनांना) हात लावू नये. गोळ्यांवरील मेणाचा थर स्वच्छ नळीत नव्याने बसेपर्यंत नेम थोडा इकडेतिकडे जातो, आणि त्या वेळी केलेली दुरुस्ती नंतर उलटी फिरवावी लागते.