‘मीडिया विकलाय’ म्हणणाऱ्या सिलिकॉन व्हॅलीवाल्यांना कसं वाचायचं: एका नाशिककराची रीत

आयटीतल्या लोकांचा एखादा व्हॉट्सॲप ग्रुप असेल तर हा प्रकार तुम्हाला माहितीये. कुणीतरी तीन तासांचा इंग्लिश पॉडकास्ट टाकतं, खाली लिहितं "पेपर वाचणं सोडा, हे ऐका", आणि दुपारपर्यंत अख्खा ग्रुप ‘पत्रकार म्हणजे दलाल’ यावर एकमत करून जेवायला जातो. नाशिकमध्ये आता घरून काम करणारे बरेच झालेत, फ्लॅट गंगापूर रोडला, कंपनी बंगळुरूची, कानात दिवसभर इयरफोन, त्यामुळे कॅलिफोर्नियातलं टेकवाले विरुद्ध पत्रकार हे भांडण आपल्या घरात येऊन बसलंय, पण ते कुणाचं आहे आणि कशावरून सुरू झालं हे विचारा, फार जणांना सांगता येत नाही. ही टेकवाली माणसं वाचू नका असं मी म्हणणार नाही. वाचाच, बरीच हुशार आहेत. फक्त त्यांची तक्रार वेगळी काढायची, त्यांचा इलाज वेगळा काढायचा, आणि तक्रार पटली म्हणून इलाजावर डोळे झाकून सही करायची नाही.

आधी घराणं माहिती करून घ्या

१९९६ मध्ये जॉन पेरी बार्लो नावाच्या माणसाने दावोसला बसून सायबरस्पेसचं स्वातंत्र्य जाहीर करून टाकलं होतं, सरकारांनो तुमचं इथे काही चालणार नाही अशा थाटात. तेव्हापासून ‘आम्हाला मोकळं सोडा’ हा सूर टेकमध्ये आहेच. पण सध्या जो कडवट सूर ऐकू येतो त्याचा मोठा भाग कर्टिस यार्विनकडून आलाय. हा मूळचा प्रोग्रॅमर, उर्बिट नावाचं एक वेगळंच कॉम्प्युटर नेटवर्क त्याने बांधायला घेतलं होतं, आणि २००७ पासून तो मेन्शियस मोल्डबग या टोपणनावाने लांबलचक राजकीय लिखाण करायचा. त्याचा मुख्य मुद्दा असा की मोठी विद्यापीठं आणि मोठी वर्तमानपत्रं मिळून एक ‘कॅथीड्रल’, म्हणजे मोठं चर्च, तयार होतं, त्यांना वरून कुणी ऑर्डर देत नाही तरी सगळे एकाच दिशेने बोलतात, आणि लोकशाहीत खरी सत्ता निवडून आलेल्यांची नसून यांची असते. इलाज काय, तर देश कंपनीसारखा चालवा, वर एक सीईओ बसवा, नोकरशाही घरी पाठवा. २०१२ च्या एका भाषणात तर सगळ्या सरकारी नोकरांना रिटायर करा असंच त्याने सुचवलं.

२००९ मध्ये पीटर थील, म्हणजे पेपालवाला, फेसबुकमध्ये सुरुवातीला पैसे घालणारा, त्याने एका निबंधात लिहिलं की स्वातंत्र्य आणि लोकशाही एकत्र नांदू शकतात यावर आपला आता विश्वास राहिलेला नाही. पुढे यार्विनच्या कंपनीत पैसे घालणाऱ्यांमध्येही तो होता. ब्रिटिश तत्त्वज्ञ निक लँडने २०१२ च्या सुमारास या विचारांना ‘डार्क एनलाइटनमेंट’ हे नाव दिलं. टेक उद्योजक बालाजी श्रीनिवासनने २०१३ मध्ये स्टार्टअपवाल्यांसमोर अमेरिकेतून ‘एक्झिट’ घ्यायची भाषा केली आणि २०२२ मध्ये इंटरनेटवर आधी समाज जमवा, मग जमीन घ्या, मग देश म्हणून मान्यता मागा अशी पूर्ण योजनाच पुस्तकात मांडली. २०२३ मध्ये टेक कंपन्यांत पैसे घालणाऱ्या मार्क आंद्रेसनचा जाहीरनामा आला, त्यात शत्रूंची यादीच आहे आणि त्या यादीत टेक एथिक्स, सस्टेनेबिलिटी असले शब्द आहेत. जे. डी. व्हान्सने २०२१ मध्ये, सिनेटला उभं असताना, एका पॉडकास्टवर यार्विनचं नाव घेतलं होतं, आणि तो पुढे अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष झाला. त्यामुळे ‘काही चक्रम लोक नेटवर लिहितात’ म्हणून सोडून देण्यासारखं हे राहिलेलं नाही.

आता हे इंजिनिअर मंडळींनाच का भिडतं ते बघा. सरकार म्हणजे जुना सडलेला कोड, कुणी डॉक्युमेंटेशन ठेवलेलं नाही, पॅच मारून मारून चाललंय, तर फेकून द्या आणि रीबूट करा, असं कुणी सांगितलं की दिवसभर तसल्याच कोडमध्ये डोकं घालणाऱ्याला ते लगेच पटतं. त्यात ‘रेड पिल’ची भाषा, म्हणजे बाकी सगळे झोपलेत आणि तू जागा झालास. मिसळ खाता खाता माझा मामेभाऊ मला म्हणाला, "दादा, तुला अजून सिस्टीम कळलीच नाही." मी म्हटलं, "अरे, मागच्या वर्षी सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त करायला तलाठ्याकडे मीच गेलो होतो ना, तू नव्हतास, सिस्टीम मला चांगली कळलीये." हसला, पण पॉडकास्ट काही सोडला नाही त्याने.

तक्रार खरी आहे तिथे खरी म्हणा

ही पायरी लोक गाळतात आणि मग वाद हरतात. समोरचा म्हणतो मीडिया विकला जातो, आपण म्हणतो छे छे, आणि तो लगेच पुरावा काढतो. पुरावा तर आपल्याच राज्यातला आहे! २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मोठ्या पेपरांमध्ये एकाच नेत्याचं कौतुक करणारे शब्दशः सारखे लेख छापून आले होते, बातमी म्हणून, जाहिरात असं कुठेही न लिहिता. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते बाहेर काढलं, प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये पेड न्यूजवर नावानिशी रिपोर्ट तयार केला आणि कौन्सिलने सुरुवातीला तो पूर्ण रिपोर्ट बाहेर येऊच दिला नाही. हे सगळं मान्य करा, मोकळेपणाने करा. पण लगेच पुढचा प्रश्न विचारा की हे उघड कुणी केलं? पत्रकारानेच केलं ना, आणि तेही दुसऱ्या पेपरात छापून. म्हणजे ‘सगळे एकाच दिशेने बोलतात’ हा दावा इथेच थोडा हलतो.

अजून एक गंमत. मालक कोण, जाहिरात कुणाची, बातमी देणारा सोर्स कोण, यावरून मीडिया काय बोलणार ते ठरतं, ही मांडणी हर्मन आणि चॉम्स्की या अमेरिकन प्राध्यापकांनी १९८८ मध्येच केली होती, आणि ते दोघं पक्के डावीकडचे. रोग तोच दिसला, इलाज मात्र पार उलटा सुचवला. हे भाच्याला किंवा कलीगला नुसतं सांगून बघा. तक्रार पटली की एकाच औषधाच्या दुकानात जावं लागतं असं काही नाही, हे त्यातून आपोआप दिसतं.

कांद्याची परीक्षा

टेकवाल्यांच्या तोंडी ‘गेल-मान ॲम्नेशिया’ हा शब्द सतत असतो. मायकेल क्रायटन या लेखकाने २००२ च्या एका भाषणात तो वापरला. आपल्या विषयातली बातमी वाचली की चुकाच चुका दिसतात, चिडचिड होते, आणि पान उलटून परदेशाची बातमी आली की आपण ती मुकाट्याने खरी मानतो, असा त्याचा अर्थ. नाशिककराला हे समजवायला कांदा पुरतो. भाव चढला की चॅनेलवर ‘कांदा रडवणार’ची पट्टी फिरायला लागते आणि आकडा दाखवतात तो त्या दिवशीचा सगळ्यात वरचा. लासलगावची बाजार समिती रोज किमान, कमाल आणि सरासरी असे तीन भाव देते, क्विंटलमागे. कमाल भाव एखाद्या निवडक मालाच्या ट्रॅक्टरला मिळालेला असतो, बाकीच्यांना सरासरीच्या आसपास किंवा खाली. वर तो माल उन्हाळ असेल तर एप्रिलमध्ये काढून चाळीत भरलेला, ऑक्टोबरला बाहेर काढेपर्यंत वजन घटलेलं, काही सडून फेकलेला, तो हिशोब पट्टीत कुठे बसणार. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने निर्यात बंद केली, दिल्लीत बसून ती ग्राहकाला दिलासा देणारी बातमी, आणि इकडे लिलाव बंद पडले, चांदवडला शेतकऱ्यांनी मुंबई-आग्रा हायवे अडवला.

तर घरी करायचा प्रयोग असा. आपल्याला आतून माहिती असलेला एक विषय धरा, कांदा, द्राक्षं, सातपूर-अंबडची एमआयडीसी, बँकेचं काम, काहीही. त्यावरच्या बातम्या काही दिवस तपासा आणि कोण किती चुकतं ते बघून ठेवा. एखादा वार्ताहर भाव बरोबर देतो पण कारण चुकीचं सांगतो, एखादा कायम मंत्र्याचं प्रेसनोटच छापतो, एखादी बाई मात्र स्वतः मार्केटला जाऊन लिहिते. ‘मीडिया’ नावाचा एक गठ्ठा राहत नाही मग, माणसं दिसायला लागतात.

आणि मग, हे महत्त्वाचं, तीच परीक्षा पॉडकास्टवाल्यांची घ्या. क्रायटनचं वाक्य ते पेपरांना लावतात, स्वतःला लावताना मी तरी कुणाला ऐकलेलं नाही. आंद्रेसनचंच घ्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामकाने, फेसबुकचं फ्री बेसिक्स अडवलं, म्हणजे ठराविक साइट फुकट आणि बाकीचं इंटरनेट पैसे देऊन, हे चालणार नाही म्हणून सांगितलं. आंद्रेसन तेव्हा फेसबुकच्या बोर्डावर होता. त्याने ट्वीट काय केलं, तर वसाहतवादाला विरोध करून भारतीयांचं कित्येक दशकं आर्थिक वाटोळं झालंय, आता का थांबायचं! ओरड झाल्यावर ट्वीट काढलं, माफी मागितली, झुकरबर्गलाही आपण याच्याशी सहमत नाही असं लिहावं लागलं. माफी मागितली ते ठीकच. पण आपल्या विषयावर तो बोलला तेव्हा काय दर्जाचं बोलला हे आपल्याला कळलं ना, मग तो अमेरिकेतल्या कोर्टांवर, विद्यापीठांवर तितक्याच ठसक्यात बोलतो तेव्हा पान उलटून विसरायचं कशाला?

भांडणात पैसा कुणाचा आहे ते बघा

यात सगळ्यात बोलकी गोष्ट गॉकर या अमेरिकन वेबसाइट कंपनीची. २००७ मध्ये गॉकरच्या व्हॅलीवॅग या टेक गॉसिप साइटने पीटर थील समलिंगी असल्याचं छापलं. बातमी म्हणून ते छापण्याची काहीच गरज नव्हती, माझं मत विचाराल तर ते हलकटपणाचंच काम होतं. थीलने मात्र वर्षानुवर्षं थांबून, स्वतःचं नाव पुढे न येऊ देता, हल्क होगन या कुस्तीगिराने आपली खाजगी चित्रफीत टाकल्याबद्दल गॉकरवर भरलेल्या खटल्याला पैसे पुरवले, साधारण एक कोटी डॉलर. मार्च २०१६ मध्ये ज्युरीने होगनला १४ कोटी डॉलर दिले, पैसे पुरवणारा कोण हे मे मध्ये जगाला कळलं, जूनमध्ये गॉकरने दिवाळखोरी जाहीर केली, ऑगस्टमध्ये साइट बंद. आता ‘मीडिया लोकांचं खाजगी आयुष्य उद्ध्वस्त करतो’ हे वाक्य इथे शंभर टक्के खरं आहे, आणि ‘अब्जाधीशाच्या मनात आलं तर तो एक अख्खी वृत्तसंस्था पडद्याआडून संपवू शकतो’ हेही तितकंच खरं आहे. पॉडकास्टवर यातलं पहिलंच ऐकू येतं.

‘मध्यस्थ नको, डायरेक्ट लोकांशी बोला’ हा सल्ला पण असाच तपासा. आंद्रेसनच्या फर्मने सबस्टॅक या न्यूजलेटरवाल्या साइटमध्ये पैसे घातले, क्लबहाऊस या ऑडिओ गप्पांच्या ॲपमध्ये घातले, २०२१ मध्ये स्वतःचं ‘फ्यूचर’ नावाचं प्रकाशन काढलं, ते पुढच्याच वर्षी बंद केलं (रोज काहीतरी वाचण्यासारखं काढणं म्हणजे काय हे कळलं असावं). मस्कने ऑक्टोबर २०२२ मध्ये ४४ अब्ज डॉलरला ट्विटर घेतलं, आणि डिसेंबरमध्ये कंपनीच्या आतली कागदपत्रं स्वतः निवडलेल्या लेखकांच्या हातात दिली. कागदपत्रांत काही तथ्य होतंच, पण मध्यस्थ गेला कुठे, मध्यस्थाचा मालक बदलला.

राजाला खाली कसं उतरवायचं हे विचारा

इलाजाची चाचणी एका प्रश्नात होते: तुमचा सीईओ-राजा बिघडला तर त्याला काढायचं कुणी? यार्विन म्हणतो बोर्ड काढेल, शेअरहोल्डर काढतील. आता सहकारी साखर कारखाने आणि सहकारी बँकांच्या जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला, बोर्ड आणि सभासद असले की चेअरमन आपोआप हटतो का, हे वेगळं सांगायची गरज आहे का? दुसरा प्रश्न असा विचारा की कुठली गोष्ट दिसली तर तुम्ही तुमचं मत बदलाल. पेपरने टीका केली तर कॅथीड्रल चिडलं, दखल घेतली नाही तर कॅथीड्रलने दाबलं, स्तुती केली तर कॅथीड्रल घाबरलं, असं असेल तर तिथे तपासायला काही उरलंच नाही. हे विचारताना आवाज चढवू नका. आणि चारचौघांत तर अजिबात नको, एकटं गाठून विचारा, नाहीतर पोरगा ग्रुपसमोर माघार घेणार नाही आणि अजून चार क्लिपा पाठवेल.

स्वतःसाठी एक सवय मात्र लावून घ्या, आपल्या गावातला मूळ कागद वाचायची. झाडं तोडायची असली की महापालिकेला जाहीर नोटीस द्यावी लागते, हरकती मागवाव्या लागतात, आणि ती नोटीस अजूनही पेपरातच येते, बारीक अक्षरात, आपण न वाचता उलटतो त्या पानावर. २०२५ च्या नोव्हेंबरात कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं काढायचा विषय निघाला तो अशाच नोटिशीतून पेटला, लोकांनी हरकती घेतल्या, स्थानिक वार्ताहरांनी लावून धरलं, मग मुंबईचे कॅमेरे आले. बालाजीचा नेटवर्क देश झाला तरी तपोवनात जाऊन झाडं मोजायला तिथून कुणी येईल असं मला वाटत नाही.

वाचायची सुरुवात थीलच्या २००९ च्या निबंधापासून करा, छोटा आहे, एका बैठकीत होतो, आणि बायकांच्या मताधिकाराबद्दलचं त्यातलं वाक्य आणि त्यावर त्याने मागून जोडलेला खुलासा दोन्ही वाचा. मग आंद्रेसनचा जाहीरनामा, तोही लहान लहान वाक्यांचा आहे. बालाजी हवा तेवढाच चाळा. यार्विन सगळ्यात शेवटी ठेवा, सुट्टीच्या दिवशी, कारण मुद्द्यावर यायला तो इतका वेळ लावतो की तोपर्यंत चहा दोनदा गार होतो.