धिंगरी अळिंबीची खोली : तापमान, ओलावा आणि मोकळी हवा

महाराष्ट्रात घरगुती लागवडीसाठी धिंगरी अळिंबीच (ऑयस्टर मशरूम) निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. बटन अळिंबीला फळे धरताना 14 ते 18 अंश सेल्सिअस तापमान लागते आणि वातानुकूलनाशिवाय ते आपल्याकडे बहुतेक ठिकाणी टिकत नाही. धिंगरी मात्र 20 ते 28 अंशांत चांगली वाढते, त्यामुळे कडक उन्हाळा वगळता ती साध्या खोलीतही घेता येते.

यासाठी भाताचा पेंढा, गव्हाचे काड किंवा सोयाबीनचे कुटार चालते. मात्र ते त्याच हंगामातील, कोरडे आणि पावसात न भिजलेले असावे. काडाचे 3 ते 5 सेंटिमीटर लांबीचे तुकडे करून ते रात्रभर भिजवावे, नंतर 80 अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवावे आणि स्वच्छ जागी निथळत ठेवावे. मुठीत घट्ट दाबल्यावर तळहात ओला झाला, पण थेंब गळला नाही, म्हणजे काड भरण्यास तयार झाले असे समजावे. ओल्या काडाच्या वजनाच्या 2 टक्के स्पॉन, म्हणजे अळिंबीचे बियाणे, थराथराने पसरून प्लास्टिकच्या पिशव्या दाबून भराव्यात, तोंड बांधावे आणि पिशवीला बारीक छिद्रे पाडावीत.

यानंतरचे 15 ते 20 दिवस पिशव्या सुमारे 25 अंशांत, अंधाऱ्या खोलीत ठेवाव्यात. अळिंबीची पांढरी बुरशी वाढताना पिशवीच्या आत उष्णता निर्माण होते, म्हणून पिशव्या एकमेकींना चिकटवून ठेवू नयेत. हिरवा डाग दिसलेली पिशवी तत्काळ बाहेर काढावी.

पिशवी पांढरीशुभ्र झाली की प्लास्टिक काढावे. येथून पुढची गरज अगदी वेगळी असते आणि बहुतेकांचे नुकसान याच टप्प्यावर होते. हवेतील आर्द्रता 80 ते 90 टक्के हवी म्हणून दारे-खिडक्या बंद ठेवल्या जातात. परंतु अळिंबी श्वसन करते, कोंडलेल्या खोलीत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि देठ लांब, छत्री मात्र इवलीशी राहते. म्हणून सकाळ-संध्याकाळ खिडक्या उघडून हवा खेळू द्यावी आणि गेलेला ओलावा भिंतींवरील ओल्या गोणपाटांनी व जमिनीवरील ओल्या वाळूने भरून काढावा. खिडक्यांना बारीक जाळी हवीच, कारण माश्या फार लवकर शिरतात. वाचता येईल इतका अप्रत्यक्ष उजेड पुरतो. टाचणीच्या डोक्याएवढे अंकुर दिसू लागल्यावर त्यांच्यावर थेट पाणी मारू नये, अन्यथा ते पिवळे पडून कुजतात. धुक्यासारखा फवारा हवेत उडवावा. साधा आर्द्रतामापक खोलीत टांगल्यास अंदाजावर विसंबावे लागत नाही.

छत्रीची कड वर वळण्यापूर्वी, देठ हलकेच पिळून काढणी करावी. उशीर झाल्यास असंख्य बीजाणू हवेत पसरतात आणि काहींना त्यांचा दम्यासारखा त्रास होतो, त्यामुळे खोलीत नेहमी मास्क लावूनच जावे. उरलेले बुंधे खरडून टाकावेत आणि आर्द्रता कायम ठेवावी. सुमारे 7 ते 10 दिवसांत दुसरा बहर येतो.