इन्कम टॅक्सची डिमांड आलीये? आधी या चुका टाळा

डिमांड म्हणजे खात्याच्या हिशेबानं तुमच्याकडे बाकी निघालेला टॅक्स. सगळ्यात मोठी चूक म्हणजे मेल न उघडणं. रिटर्न भरल्यावर खात्याच्या बंगळुरूच्या सीपीसीकडून, म्हणजे रिटर्न तपासणाऱ्या केंद्राकडून, कलम १४३(१) ची इंटिमेशन (हिशेब तपासल्याचं पत्र) येते, अर्धे लोक ती पावती समजून सोडून देतात, आणि उरलेले पीडीएफ पासवर्ड मागते म्हणून बंद करून टाकतात. पासवर्ड सोपा आहे राजेहो, पॅन नंबर स्मॉल अक्षरांत आणि त्याला लागूनच जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष, मधे काही न टाकता. आत दोन कॉलम असतात, एकात तुम्ही भरलेले आकडे, दुसऱ्यात त्यांनी काढलेले. ओळीओळीनं ताडून बघा, ज्या ओळीत फरक पडला तिथंच डिमांड काहून आली ते सापडतं. हे न बघता कोणालाच पैसे देऊ नका, ना खात्याला ना एजंटला.

आता नागपूरच्या मिहानमधल्या कंपन्यांतल्या पोरांचं बघू, कारण नोकरी बदलणारे तिथं खूप आहेत आणि हा गोंधळ त्यांच्याकडे दरवर्षी होतो. समजा २०२४-२५ मधे पहिल्या कंपनीत सहा महिन्यांचे ४,८०,००० मिळाले, दुसरीकडे सहा महिन्यांचे ६,००,०००. नवीन कंपनीला जुना पगार सांगितलाच नाही, तर दोघींनी आपापल्या हिशेबात ७५,००० चं स्टँडर्ड डिडक्शन दिलं, दोघींकडे उत्पन्न सात लाखांच्या आत बसलं आणि टीडीएस (पगारातून कापला जाणारा टॅक्स) शून्य. पण खरं उत्पन्न १०,८०,०००, डिडक्शन एकदाच मिळणार, म्हणजे नवीन रिजीममधे सेस धरून टॅक्स ५२,७८०, वरून अॅडव्हान्स टॅक्स न भरल्याचं व्याज वेगळं. दोन्ही फॉर्म १६ (कंपनीनं दिलेला पगार आणि टॅक्सचा दाखला) टाकले की पोर्टल हा आकडा दाखवतं, तेव्हा पोरगं ‘पे लेटर’ दाबून रिटर्न सबमिट करतं आणि विसरून जातं. मग तीच रक्कम डिमांड होऊन येते. नोकरी बदलली की जुन्या पगाराची माहिती नवीन एचआरला द्या, एवढ्यानं हे सगळं वाचतं.

नोटीस मिळाल्यापासून भरायला ३० दिवस असतात. त्यानंतर कलम २२०(२) प्रमाणे महिन्याला १ टक्का व्याज, आणि महिन्याचा एक दिवस जरी वर गेला तरी पूर्ण महिना धरतात. वरच्या उदाहरणात नुसता टॅक्स धरला तरी महिन्याला पाचशेच्या वर जातात. (नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा, त्यात कलमांचे नंबर बदललेत, पण आधीच्या वर्षांच्या डिमांड १९६१ च्या कायद्यानंच चालतात.)

दुसरी चूक घाबरण्यातून होते. पोर्टलवर पेंडिंग अॅक्शन्समधे ‘रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड’ उघडलं की ‘डिमांड इज करेक्ट’ असा पर्याय दिसतो, लोक घाईत तोच निवडतात, आणि एकदा तो सबमिट केला की नंतर तिथं असहमती नोंदवता येत नाही. खरंच बाकी असेल तरच तो निवडा. नाहीतर ‘डिसअॅग्री’ घ्या, पूर्ण किंवा काही भागापुरतं, कारण लिहा आणि चलान किंवा रेक्टिफिकेशनची (दुरुस्तीच्या अर्जाची) कॉपी जोडा.

टीडीएसचं प्रकरण जास्त त्रासाचं आहे. फॉर्म १६ मधे रक्कम आहे पण २६एएस मधे (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या टॅक्सचा खात्याकडचा तक्ता) नाही, म्हणजे कंपनीनं टीडीएस रिटर्न भरलं नाही किंवा पॅन चुकवला, अशा वेळी लोक सीपीसीला मेलवर मेल करून राहिले असतात आणि ज्यानं चूक केली त्या अकाउंट्सवाल्याला एक फोनही करत नाहीत. दुरुस्ती कंपनीलाच करावी लागते, ती २६एएस मधे दिसली की कलम १५४ चं रेक्टिफिकेशन टाका, ‘रिप्रोसेस द रिटर्न’ निवडून. आणि कंपनीनं पगारातून कापले पण सरकारकडे भरलेच नाहीत तर? कलम २०५ सांगतं की तेवढा टॅक्स तुमच्याकडून परत मागता येत नाही. त्यासाठी पगाराच्या स्लिपा आणि बँक स्टेटमेंट पाहिजे, म्हणून हिंगणा, बुटीबोरीच्या छोट्या युनिटमधे काम करणाऱ्यांनी स्लिपा दर महिन्याला मागूनच घ्याव्या. कापलेल्या पैशासाठी माणसानं दुसऱ्यांदा खिसा रिकामा करावा हे मला बिलकुल पटत नाही.

भरताना चलान नीट बघा. डिमांडसाठी मायनर हेड (पैसे कशासाठी भरताय त्याचा कोड) ४००, सेल्फ असेसमेंटचं ३००, लोक सवयीनं ३०० टाकतात किंवा असेसमेंट इयरच्या जागी फायनान्शियल इयर बघतात. पैसे गेले पण डिमांड तशीच.

जुन्या डिमांड, कागदी रिटर्नच्या काळातल्या, अचानक दिसतात त्या तेव्हा भरलेला टॅक्स सिस्टिममधे चढलाच नाही म्हणूनही असतात. २०२४ च्या अंतरिम बजेटमधे २००९-१० पर्यंतच्या २५,००० आणि २०१०-११ ते २०१४-१५ च्या १०,००० रुपयांपर्यंतच्या डिमांड मागे घेतल्या, तुमची त्यात बसते का बघा. नसेल आणि पोर्टलवर अधिकार असेसिंग ऑफिसरकडे (तुमच्या भागाच्या आयकर अधिकाऱ्याकडे) दाखवत असतील तर नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या आयकर भवनात लेखी अर्ज द्या, दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. तोंडी सांगून आलेलं काम पुढच्या साहेबाला माहीतच नसतं. गप्प बसलात तर कलम २४५ च्या नोटिशीनंतर या वर्षीचा रिफंड त्यात वळता होतो, उत्तराला २१ दिवस असतात.

पैसे खरंच नसतील तर लपू नका. मुदत संपायच्या आधी हप्त्यांसाठी अर्ज करता येतो, कलम २२०(३). ऑर्डरच चुकीची वाटत असेल तर ३० दिवसांत फॉर्म ३५ नं अपील आणि सोबत स्थगितीचा अर्ज, नुसतं अपील टाकल्यानं वसुली थांबत नाही, स्थगितीसाठी सहसा वादातल्या रकमेच्या २० टक्के भरायला सांगतात. काहीच केलं नाही तर खातं थेट बँकेला कळवून वसुली करू शकतं, आणि घरचा खर्च चालणारं अकाउंटच अडकलं की मग धावपळ सुरू होते.

आणि व्हॉट्सअॅपवर ‘डिमांड सेटल करा’ म्हणून लिंक आली तर दाबू नका. ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रांवर डीआयएन (पत्राचा ओळख क्रमांक) असतो, तो पोर्टलच्या होमपेजवर लॉगिन न करताही तपासता येतो, आणि पैसे फक्त ई-पे टॅक्समधूनच भरा, कोणाच्या यूपीआय नंबरवर नाही.