टॅटू काढताना दुखतं ते कसं सोसायचं

टॅटू काढायचं ठरलं की पहिला प्रश्न हाच, किती दुखतं? आणि उत्तरं दोन टोकाची मिळतात, एक जण म्हणतो काहीच नाही रे मुंगी चावल्यासारखं, दुसरा म्हणतो जीव जातो. दोघंही खरं बोलत असतात, दोघांनी काढलेली जागा वेगळी असते एवढंच.

सुई कातडीत साधारण १ ते २ मिलिमीटर आत जाते, मिनिटाला शेकडो, कधी हजारो वेळा. एवढं आत जावंच लागतं कारण कातडीचा सगळ्यात वरचा थर सतत झडत असतो, शाई तिथे राहिली तर टॅटू पण झडून जाईल. आणि खालच्या त्याच थरात वेदना कळवणाऱ्या नसांची टोकं असतात. त्यामुळे अजिबात न दुखता टॅटू हे होत नाही, आपल्याला बघायचंय ते एवढंच की दुखत असताना हलायचं नाही आणि घेरी येऊ द्यायची नाही.

१. जागा विचार करून निवडा

दंडाची बाहेरची बाजू, खांद्याचा मांसल भाग, मांडीची बाहेरची बाजू, पोटरी, पहिल्या टॅटूला या जागा बऱ्या. बरगड्या, पाठीचा कणा, पावलाचा वरचा भाग, घोटा, काख, कोपराच्या आतली आणि गुडघ्यामागची नाजूक कातडी इथे कळ मस्तकात जाते. चिमटीत धरून बघा, कातडी पातळ असेल आणि खाली लगेच हाड लागत असेल तर तयारीने जा. मी पहिलाच टॅटू बरगडीवर काढला, कोणी सांगितलंच नव्हतं, श्वास घेतला तरी कातडी ताणायची.

२. आदल्या दिवसापासून तयारी

नीट झोपा, झोप कमी असली की तेवढंच दुखणं जास्त वाटतं. आदल्या दिवसापासून दारू बंद. अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन आधी स्वतःच्या मनाने घेऊ नका, रक्त जास्त येऊ शकतं, पण डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी दिली असेल तर ती टॅटूसाठी परस्पर बंद पण करायची नाही, आधी त्यांना विचारा.

आणि पोटभर जेवून जा. हे मी पोटतिडकीने सांगतोय. मी टेन्शनमध्ये सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, अर्ध्या तासात कानात शिटी वाजायला लागली, हातपाय गार, डोळ्यांपुढे अंधारी. मशीन थांबवून मला आडवं केलं, पाय वर ठेवले, साखरेचं पाणी दिलं तेव्हा कुठे बरं वाटलं. जाण्याआधी तासा-दोन तासांत जेवण आणि सोबत काहीतरी गोड ठेवा.

३. बधिर करणाऱ्या क्रीमबद्दल

लिडोकेन (जागा बधिर करणारं औषध) असलेल्या क्रीमने थोडा वेळ फरक पडतो, पण आर्टिस्टला न सांगता लावून जाऊ नका, काही क्रीमने कातडीचा पोत बदलतो आणि काम अवघड होतं. शिवाय असर मध्येच उतरतो तेव्हा एकदम जास्त झोंबतं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) २०२४ मध्ये ४ टक्क्यांपेक्षा जास्त लिडोकेन असलेल्या अशा क्रीमबद्दल लोकांना सावध केलं होतं, मोठ्या भागावर लावून वर प्लास्टिक गुंडाळलं तर औषध रक्तात जास्त उतरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात, झटके येऊ शकतात. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

४. खुर्चीत बसल्यावर

पहिली ५-१० मिनिटं सगळ्यात वाईट वाटतात, मग शरीर स्वतःची वेदनाशामक रसायनं सोडतं आणि जागा जरा बोथट होते. लाइनिंगला म्हणजे रेघा काढताना बारीक चिरत नेल्यासारखं वाटतं, शेडिंगला म्हणजे आतली छटा भरताना सोललेल्या जागेवर परत परत खरवडल्यासारखं. आणि मध्ये मध्ये टिशूने शाई पुसतात ना, ते शेवटी शेवटी सुईपेक्षा जास्त चरचरतं, हे आधी माहीत असलेलं बरं.

श्वास रोखून धरू नका, दात-ओठ आवळू नका. सुई टेकते तेव्हा हळूहळू श्वास सोडा, लांब. कानात गाणी लावा, नाहीतर गप्पा मारा, काहींना सुईकडे बघत राहिलं की उलट बरं वाटतं, तुमचं तुम्ही बघा. असह्य झालं तर हात खेचायचा नाही, तोंडाने "थांबा" म्हणायचं. ब्रेक मागण्यात काही कमीपणा नाही, चांगला आर्टिस्ट स्वतःच विचारतो आणि जो "सहन करा हो" म्हणून रेटत राहतो त्याच्याकडे परत जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. दोन-तीन तासांनी शरीर थकतं आणि सोसायची ताकद संपते, मोठं डिझाइन असेल तर दोन सेशन करा.

५. घरी आल्यावर

दोन-तीन दिवस उन्हाने भाजल्यासारखी आग राहते, जागा थोडी सुजते. हात धुऊनच हात लावा, सौम्य साबणाने हलकं धुवा, टिपून कोरडं करा, घासू नका. सैल कपडे घाला. मग खपली धरते आणि खाज सुटते, ती दुखण्यापेक्षा जास्त छळते, पण नख लावलं तर शाई निघते, आर्टिस्टने सांगितलेलं मॉइश्चरायझर पातळ लावत राहा. दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलट वाढतंय, लाली पसरतेय, पू किंवा ताप येतोय असं दिसलं तर वाट न बघता डॉक्टरकडे जा.