हातमाग-रंगाईच्या कार्यशाळेला जाताय? या चुका टाळा

मागावर बसल्यावर जी चूक डोळ्यांना दिसते, ती बहुतेक वेळा आधीच होऊन गेलेली असते. ताणा म्हणजे उभे धागे मोजताना, सुताची लडी बांधताना, कापड उकळताना ती होते आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, नेणारा धोटा फिरायला लागला की उघडी पडते. जुन्या गिरणीच्या शेडमध्ये भरणाऱ्या कार्यशाळेला येणारा माणूस मात्र पहिल्या तासापासून मागाकडे बघत असतो. कताई, ताणा, खळ (धाग्यांना लावायची चिकट पेज) ही कामं त्याला जेवणाआधीच्या रांगेसारखी वाटतात, आणि घोळ नेमका तिथेच होतो.

सांगलीकरांचं तर आणखी एक आहे. गजानन मिल, माधवनगरची कॉटन मिल, विट्याचे यंत्रमाग, पलीकडे इचलकरंजी. प्रत्येकाच्या नात्यात कोणीतरी पाळीला जाणारं होतंच. त्यामुळे ‘हे आपल्याला ठाऊक आहे’ असं वाटतं. खटक्यांचा आवाज ऐकत वाढलेल्या माणसालाही ताण्याचे दोनशे धागे स्वतः मोजायला बसल्यावर घाम फुटतो.

सूत तुटतं, गुठळ्या येतात

टकळी असो वा गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना घडलेला पेटी चरखा, नवशिक्याची तक्रार एकच असते: सूत सारखं तुटतं. तो पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, मुठीत आवळून धरतो. पेळू चिमटीत हलका धरायचा, तंतू सहज सरकले पाहिजेत. पीळ चिमटीच्या मागे पेळूत शिरला की तंतू सुटत नाहीत आणि तिथे गुठळी होते. आधी ओढ, मग पीळ, हा क्रम हाताला लागेपर्यंत चाक अगदी हळू फिरवा. चाक जोरात फिरवण्याची हौस पहिल्या दिवशी आवरलेली बरी.

दोन हातांमधलं अंतरही बघा. देशी कापसाचा तंतू आखूड, जेमतेम पाऊण-एक इंचाचा असतो. तो लांब धाग्याच्या कापसासारखा ओढलात तर तुटणारच. उलट, सूत सैल सोडल्यावर स्वतःभोवती वळून आटे पडत असतील तर पीळ जास्त झालाय. ते सूत फेकू नका. लडी करून भिजवा, खाली हलकं वजन अडकवून वाळत टाका, बरंच सरळ होतं. चाती (जिच्यावर सूत गुंडाळलं जातं ती सळई) फिरत नसेल तर आधी माळ (तिला फिरवणारी दोरी) तपासा. निम्म्या वेळा ती ढिली झालेली असते आणि माणूस उगाच स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

नंबर न वाचता सूत घेणं

इचलकरंजीहून स्वस्तात सूत आणलं म्हणून कार्यशाळेला घेऊन येणारे असतात. एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात, तो सुताचा नंबर. म्हणजे नंबर मोठा तितकं सूत बारीक. २/२० म्हणजे २० नंबरचे दोन पदर पिळून केलेलं सूत. ताण्याला पहिल्यांदा असं दोनपदरी सूतच घ्या. एकपदरी सूत खळ दिल्याशिवाय ताण्यात टिकत नाही, फणीत (धागे ठरावीक अंतरावर ठेवणाऱ्या दातेरी चौकटीत) घासून त्याला लव सुटते आणि मग शेजारचे धागे एकमेकांना चिकटतात. बाण्याला एकपदरी चालतं, तिथे घासणं कमी असतं.

एका इंचात किती धागे भरायचे, हे अंदाजाने ठरवू नका. तेच सूत पट्टीवर शेजारी-शेजारी गुंडाळा, वेढे एकमेकांवर चढू देऊ नका, आणि एका इंचात बसलेले वेढे मोजा. साध्या विणीसाठी त्याच्या निम्मे धागे ताण्यात घ्यायचे, उरलेली जागा बाण्याची. हे न केल्यामुळे एकाचं कापड गोणपाटासारखं ताठ होतं आणि दुसऱ्याचं जाळीदार. दोघेही मग फणी वाईट होती म्हणतात.

ताणा: सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या

दोन मीटरचा स्टोल हवा म्हणून दोन मीटरचा ताणा भरला, हा चुकांचा राजा. विणताना धागा वर-खाली वळतो, त्यात दहा टक्क्यांच्या आसपास लांबी जाते. शेवटचा पाऊण मीटर वहीतून (ताण्याचे धागे वर-खाली करणाऱ्या चौकटीतून) पुढे येतच नाही, तो मागाला सोडावा लागतो. दोन्ही टोकांना गोंडे हवेत. शिवाय पहिल्या धुण्यात कापड आटतं. हे सगळं धरून दोन मीटर कापडाला सव्वातीन मीटर ताणा भरा. उरला तर वाईट काहीच नाही, त्यावर विणीचे नमुने करून बघता येतात.

दुसरी चूक फुलीची. ताणा मोजताना एका टोकाला धागे एकाआड एक वर-खाली जातात आणि तिथे फुली पडते. कुठला धागा कुणाच्या नंतर, हे फक्त ती फुली सांगते. ताणा खुंट्यांवरून काढण्याआधी फुलीच्या दोन्ही बाजूंना दोरा घालून ती बांधायचीच. कोणीतरी घाईत ताणा उचलतो, फुली सुटते आणि पुढचा अख्खा दिवस गुंता सोडवण्यात जातो. अशा वेळी कात्री घेऊन नवा ताणा भरणं जास्त शहाणपणाचं, असं माझं मत. शिकवणारे सहसा हे बोलत नाहीत, कारण सूत वाया जातं.

तिसरं, ताण सारखा ठेवणं. सकाळी उत्साहात मोजलेले धागे घट्ट आणि दुपारी गप्पा मारत मोजलेले ढिले, हे सर्रास होतं. शक्य असेल तर एका ताण्याला एकच माणूस ठेवा. चौघांनी वाटून घेतलेला ताणा विणायला बसलं की चौघांचे चार हात कापडात वेगवेगळे ओळखू येतात. ढिले पट्टे लोंबतात आणि धोटा नेमका त्यांच्यावरून अडखळतो. ताणा बीमवर, म्हणजे मागाच्या रुळावर, गुंडाळताना थरांमध्ये जाड कागद घालायला विसरू नका, नाहीतर वरचे धागे खालच्या थरात रुततात आणि सारखा मोजलेला ताणाही ढिला पडतो.

वहीत आणि फणीत धागे भरून झाले की लगेच विणायला लागू नका. जाड टाकाऊ सुताचे सात-आठ बाणे टाका आणि उजेडात बघा. फणीच्या एखाद्या घरात दोन धागे गेले असतील तर तिथे रेघ दिसते, घर रिकामं राहिलं असेल तर फट. आत्ता दहा मिनिटांत सुटणारी गोष्ट अर्धा मीटर विणल्यावर सुटत नाही. जुन्या गिरण्यांच्या करवती छपरात काचा उत्तरेकडे असतात. त्यातून ऊन आत येत नाही, दिवसभर एकसारखा उजेड मिळतो. धागे तपासायला असा उजेड ट्यूबलाइटपेक्षा बरा, तेव्हा मागाची जागा निवडायची मुभा असेल तर काचेखालची मागा.

विणताना

कापड वर-वर अरुंद होत जाणं ही सगळ्यांची तक्रार. बाणा सरळ ओढून घेतला की काठ आत येतात आणि काठाचे ताणे फणीत घासून तुटतात. बाणा तिरपा, किंवा मधे थोडी कमान ठेवून टाका, मग ठोका. टेंपल, म्हणजे कापड रुंदीत ताणून धरणारी पट्टी, लावली असेल तर दर दोन-तीन इंचांनी ती पुढे सरकवा. लावून विसरलेल्या टेंपलचा उपयोग नसतो.

फेब्रुवारी ते मे आपल्याकडची हवा कोरडी असते आणि सुती ताणा फटाफट तुटतो. कापूस ओला असताना जास्त मजबूत असतो, म्हणूनच गिरण्यांच्या खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवत. खड्डामाग जमिनीलगत असतो, त्याला मातीच्या ओलाव्याचा फायदा मिळतो. कार्यशाळेत एवढं करा: मागाखाली ओलं पोतं पसरा, विणकाम सकाळी उरका, दुपारी रंगाईकडे जा. लोकरीला मात्र हे लावू नका, ती ओली झाली की कमकुवत होते.

बांगड्या, अंगठ्या काढा, ओढणी बांधून ठेवा. दोरी ओढून धोटा फेकायचा माग असेल तर त्याच्या बाजूला, धोट्याच्या रेषेत उभं राहून फोटो काढू नका. जॉन के यांनी १७३३ साली हा उडता धोटा आणल्यापासून तो अधूनमधून मागाबाहेरही उडतोच, आणि त्याची टोकं लोखंडी असतात.

रंग: हळदीचा मोह

सांगलीत रंगाईची कार्यशाळा म्हटलं की हळद पुढे येणारच. तिला २०१८ पासून भौगोलिक मानांकन आहे, रंग लगेच चढतो, फोटो झकास येतो. पण हळदीचा रंग उन्हात काही दिवसांत उडतो आणि साबण लागला की लालसर डाग पडतात. वर्गात रंग कसा बदलतो हे दाखवायला हळद उत्तम. वापरायच्या कापडाला ती निवडू नका. आटपाडीच्या डाळिंबांची साल कोणी फेकत असेल तर ती गोळा करून वाळवा. पिवळा जरा मंद येतो, पण टिकतो.

आता ‘रंग चट्ट्यापट्ट्याचा आला’ या तक्रारीकडे. दुकानातून आणलेल्या मांजरपाटाला खळ असते. ती काढल्याशिवाय रंग आत जात नाही. धुण्याचा सोडा घालून तासभर उकळा, स्वच्छ धुवा, मग वाळलेल्या कापडावर पाण्याचा थेंब टाका. थेंब लगेच जिरला तर कापड तयार, मोत्यासारखा बसून राहिला तर पुन्हा उकळा.

रंग पक्का बसायला तुरटी लागते, पण सुताला नुसती तुरटी धरत नाही, आधी हिरडा हवा. महाबळेश्वर-कोयनेच्या रानातला हिरडा साताऱ्याच्या जडीबुटीच्या दुकानांत मिळतो. १०० ग्रॅम कोरड्या कापडाला २० ग्रॅम हिरड्याची पूड, मग तेवढीच तुरटी. हिरड्यातून काढलेलं कापड खळखळून धुऊ नका, नुसतं पिळून वाळवा. काळपट छटेसाठी हिराकस (लोखंडाचा क्षार) घालतात, तो १०० ग्रॅमला २ ग्रॅमच्या वर नको. रंग गडद होतो खरा, पण लोखंडाने कापड हळूहळू कुजतं आणि घड्यांवर फाटतं. बोअरचं पाणी गंजक्या पाइपमधून येत असेल तर हिराकस न घालताही पिवळा मळकट येतो. अशा वेळी पिंपभर दुसरं पाणी आणायला सांगा.

लडी रंगवताना चार ठिकाणी दोरा बांधायचा, इंग्रजी आठच्या आकारात आणि सैल. आवळून बांधलं की गाठीखाली पांढरे ठिपके राहतात. कोणी म्हणतं तेही छान दिसतं. दिसतं, पण मुद्दाम केलेलं असेल तर.

घोंगडी शिकायची असेल तर

माण-म्हसवडकडची घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची, आणि तिच्या ताण्याला चिंचोक्याची खळ लागते. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून केलेली ही खळ पातळ झाली तर ताण्याला लव सुटते आणि गुठळ्यांची राहिली तर ताणे एकमेकांना चिकटतात. गाळून घ्या आणि चिकटलेले ताणे ओले असतानाच बोटांनी सोडवा. वाळल्यावर ओढाल तर तुटतील.

लोकर धुताना गरम-गार पाण्याचा खेळ करू नका. गरम पाणी, साबण आणि चोळणं एकत्र आलं की तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात, लोकर आटून नमदा होते आणि पुन्हा सुटत नाही. कोमट पाण्यात बुडवून ठेवा, दाबून पाणी काढा, चोळू नका.

नाव नोंदवण्याआधी

किती माग आहेत आणि किती माणसं, एवढं विचारा. दोन मागांवर वीस जण असतील तर तुमच्या वाट्याला दहा-बारा बाणे येतील. ताणा तयार ठेवलेला असतो की आपल्याला भरू देतात, हेही विचारा. तयार असेल तर तुम्ही धोटा फेकून परत याल आणि वर लिहिलेलं निम्मं तुम्हाला लागणारच नाही. बरोबर लहान मुलं असतील तर मात्र तसाच वर्ग निवडा; आठ वर्षांच्या पोराला दोन तास धागे मोजायला बसवणं हा छळ आहे.